आभाराची एक ओळ

सकाळचा उजेड आमच्या स्वयंपाकघरात थेट येत नाही. आधी तो समोरच्या घराच्या पांढऱ्या भिंतीवर टेकतो, तिथे थोडा फिका होतो, मग खिडकीच्या जाळीतून आत येऊन ओट्यावर, उपड्या पेल्यांवर, आईच्या मनगटाला लागलेल्या पिठावर सावकाश पसरतो. त्या दिवशी मी त्याच्याकडे बराच वेळ पाहत बसलो. त्या उजेडाला कोणी काही विचारणार नव्हते.

"चहा थंडा होऊन राहिला," आई म्हणाली. "कोर्टात चालला का फासावर? खरं ते सांगून दे अन् ये."

खरे फार थोडे होते. छत्तीसगडच्या नवा रायपूरमधल्या एका कार्यालयात देवश्री आणि मी, दोघेही कंत्राटावर. गेल्या वर्षी एका संध्याकाळी शहराकडची बस आली नाही, म्हणून आमच्या कार्यालयाच्या साहेबांनी तिला गाडीत बसवले आणि वाटेत गाडी थांबवून तिच्यावर जबरदस्ती केली. दुसऱ्या सकाळी तिने ते सर्वांत आधी मला सांगितले. मी तिचा फोन घेतला आणि साहेबांना संदेश लिहून पाठवला: 'सर, काल घरी सोडल्याबद्दल धन्यवाद.' त्यांना संशय नको, तुझी नोकरी टिकू दे, पुढचे मग ठरवू, असे तिला समजावले. चार दिवसांनी ती एकटीच पोलीस ठाण्यात गेली.

आता साहेबांचा सारा बचाव त्या एका ओळीवर उभा होता. जिच्यावर जबरदस्ती झाली ती आभार कशी मानेल? म्हणजे सारे संमतीनेच झाले. संदेश यशदीपने, म्हणजे मी, लिहिला, असे देवश्रीने साक्षीत सांगितले होते. साहेबांच्या वकिलांनी ती बनवाबनवी ठरवली. तिचा शब्द खरा करणारा माणूस एकच होता.

कोर्टात बंद दाराआड सरकारी वकिलांनी विचारले तेवढे मी नीट सांगितले. मग साहेबांचे वकील उठले. आवाज अगदी मऊ.

"यशदीपजी, आप तो दोस्त हैं. थाने आप ही ले गए होंगे?"

"नहीं."

"घरवालों को बताया?"

"नहीं."

"अच्छा." ते किंचित हसले. "तो ये मैसेज आपने टाइप किया?"

देवश्री माझ्याकडे पाहत होती. माझे कान तापले.

"याद नहीं," मी म्हणालो.

न्यायाधीशांनी ते दोन शब्द टंकलेखकाला सांगितले. ते लिहायला क्षणही लागला नाही.

बाहेर व्हरांड्यात तिने मला गाठले. आवाज चढवला नाही.

"तुले याद नाही? फोन माह्या हातातून तूच घेतला ना?"

"मी तुझ्या भल्यासाठीच…"

"माह्या भल्याचं आत बोलायचं होतं, भैया."

आजवर ती मला नावाने हाक मारत असे. ती जिना उतरून गेली, आणि मी कठड्याला धरून उभा राहिलो. तिच्या भल्यासाठी, हे वर्षभर मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवले होते की ते मला आठवणीसारखेच वाटू लागले होते.

त्या सकाळी तिचा फोन हातात असताना तिच्या नोकरीचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. माझ्या कंत्राटाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती, आणि मुदतवाढीच्या कागदावर साहेबांची सही व्हायची होती.