गुरुवारी मी गार असतो

मी इनक्युबेटर बोलतोय. नाव इंग्रजी असलं तरी जन्म इथलाच, चिंचवडच्या एका पत्र्याच्या शेडमधला. साल त्रेसष्ट की चौसष्ट, ते पाठीवरच्या पट्टीवर होतं. पुढे कुणीतरी त्या पट्टीवर रंग फासला आणि माझं वय गेलं. दुहेरी पत्र्याची पेटी, आत काचेचं एक दार, बाहेर पत्र्याचं दुसरं, डोक्यातून वर आलेला थर्मामीटर. काम एकच: आत ठेवाल त्याला सारखी ऊब द्यायची. कोंबडी अंड्यांसाठी करते तेच, फक्त मी फडफड करत नाही.

माझी रवानगी भोसरीला झाली. औषधाच्या गोळ्या करणारी छोटी कंपनी होती, तिच्या तपासणी विभागात. गोळ्यांत जंतू आहेत की नाहीत हे बघायचं तर ते असतील तेवढे आधी वाढू द्यावे लागतात. त्यासाठी माणसाच्या अंगाएवढी ऊब लागते, सदतीस अंश. ती मी देत होतो. विभागातले लोक खालच्या कप्प्यात जेवणाचे डबेही ठेवत. वर जंतू आणि खाली मेथीची भाजी! शिकलेसवरलेले लोक, पण भाजी गरम मिळते म्हटल्यावर शास्त्र कोण बघतो? एकदा साहेबांनी पाहिलं आणि डबे बंद झाले. मला वाईट वाटलं, मेथीचा वास मला आवडायचा.

पुढे मुंबईहून चकचकीत नवं यंत्र आलं आणि मला मागच्या खोलीत ढकललं. अंगावर गोणपाट टाकलं. माणसं म्हाताऱ्यांनाही अशीच झाकून ठेवतात की नाही, मला ठाऊक नाही.

ते गोणपाट काढलं कस्तुराने. ती त्याच विभागात कामाला होती. वडील ज्ञानदेव पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली ही पहिलीच. एम.एस्सी. झाली, नोकरी लागली, तेव्हा घरच्यांना वाटलं गंगेत घोडं न्हालं. हिला तसं वाटलं नाही. पुण्याच्या एका कॉलेजातल्या सरांकडे तिने पीएच.डी.साठी नाव घातलं आणि साहेबांना विचारून मागची खोली मिळवली, ड्यूटी संपल्यावर काम करायला. खोलीबरोबर मी फुकटात आलो.

तिचा विषय मातीचा. मातीत काही जीव असे असतात, की आसपास दुसऱ्या जंतूंना फिरकू देत नाहीत. अंगातून रस सोडतात. अशा रसातून औषधं निघतात म्हणे. कस्तुरा चिमूटभर माती काचेच्या बशीत, म्हणजे प्लेटमध्ये, पेरायची, त्या प्लेटा माझ्यात ठेवायची आणि वाट बघायची. जीवाच्या ठिपक्याभोवती दुसरा जंतू नसलेलं स्वच्छ कडं दिसलं, तर जिंकली. ठिकठिकाणची माती आणली. चाकणजवळ निघोजे हे तिचं आजोळ. तिथल्या गोठ्यामागची मातीसुद्धा आणली. मामा म्हणाला होता, "आं? तुमच्या तिकडं माती न्हाई व्हय?" ही म्हणाली, "हाय मामा, पण ती कंपनीच्या तेलानं माखलीय."

त्या गोठ्यामागच्या मातीतच तो निघाला. पांढुरका, खडूच्या भुकटीसारखा ठिपका आणि भोवती रुंद, लख्ख कडं. कस्तुरा आनंदाने ओरडली. मग खोलीचं दार लोटून घेतलं आणि पुन्हा ओरडली. त्या जीवाला तिने नाव दिलं निघोजकर.

आणि तिथून तिच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. निघोजकर कधी कडं दाखवी, कधी नुसता खाऊन-पिऊन वाढे आणि ढिम्म बसे. तोच जीव, तेच खाणं, तीच प्लेट. तिने पाणी बदललं, खाण्यातली साखर कमी-जास्त केली, प्लेटा पुन्हा पुन्हा उकळल्या. एका आठवड्यात हसत घरी जायची, दुसऱ्यात पाय ओढत. अशी तीन वर्षं गेली. माझ्यावर तिने कधी संशय घेतला नाही. का घ्यावा? ती यायची तेव्हा माझा पारा सदतीसवर.

आता एक गोष्ट सांगतो. ती तिला माहीत नव्हती आणि मला माहीत असून उपयोग नव्हता. पुण्यात रविवारची सुट्टी असते, आमच्या इकडे कंपन्यांना गुरुवारची. विजेची ओढाताण, म्हणून ही वाटणी. बुधवारी शेवटची शिफ्ट सुटली की वॉचमन किसन मेन स्विच खाली ओढायचा आणि शुक्रवारी पहिल्या शिफ्टच्या आधी वर करायचा. फ्रिजची लाइन वेगळी होती, तिला कुणी हात लावत नसे. मीही त्याच लाइनवर आहे असं कस्तुरा धरून चालली होती. गुरुवारी ती पुण्याला सरांकडे जायची, कॉलेजच्या ग्रंथालयात बसायची. त्यामुळे गुरुवारचा मी तिने कधी पाहिलाच नव्हता. आणि गुरुवारी मी गार असतो.

एकदा सर स्वतः बघायला आले. उद्धवराव त्यांचं नाव. माणूस वाईट नव्हता, घाईत असायचा. ते मंगळवारी येणार म्हणून हिने शुक्रवारी मुद्दाम ताज्या प्लेटा ठेवल्या. दार उघडलं. एकाही प्लेटमध्ये कडं नाही.

"कस्तुरा, त्याच्या मनात आलं तेव्हा दिसतं, त्याला शास्त्र म्हणत नाहीत," सर म्हणाले. "सांगितल्या दिवशी दिसायला हवं."

"सर, मी पुष्कळदा पाहिलंय."

"आणि पुष्कळदा नाही पाहिलंस. संक्रांतीपर्यंत बघ. नाही जमलं तर हा विषय सोड, दुसरा घेऊ."

दुसरा घेऊ म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. साहेबांनी खोली आणखी तीन वर्षं दिली नसती आणि घरच्यांनी स्थळं बघायचं थांबवलं नसतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही, पण माझ्या पत्र्याला डोकं टेकून ती बराच वेळ उभी होती. माझ्या अंगी ऊब आहे, माया नाही. तरी त्या दिवशी मला बोलता यायला हवं होतं.

संक्रांत तोंडावर आली. कस्तुराने हाय खाल्ली आणि खोली आवरायचं ठरवलं. शिफ्टच्या लोकांसमोर आवरायला नको, म्हणून गुरुवार निवडला. ओझं न्यायला वडील ज्ञानदेव बरोबर आले, ती त्यांना दादा म्हणते. त्यांनाही सुट्टीच होती. भर दुपारी सगळीकडे सामसूम. कस्तुराने माझी दोन्ही दारं उघडली आणि वाकली.

ओल टिकावी म्हणून माझ्यात पाण्याची वाटी असते. त्यामुळे थंडीत दार उघडलं की तिच्या चष्म्यावर वाफ धरायची. आज काच स्वच्छच राहिली. तिने हात आत घातला.

"दादा, हा गार आहे."

"आज बेस्तरवार न्हवं का? मेन खाली आसंल."

"मग फ्रिज कसा चालू? हा त्याच्याच लाइनवर आहे ना?"

"त्याची लाइन येगळी आसंल. तुला ठावं न्हाई?"

ती स्टुलावर बसली. मग बोटांवर वार मोजत सुटली. सरांसाठी ठेवलेल्या प्लेटा शुक्रवारी आत, मंगळवारी बाहेर. मधे गुरुवार नाही. कडं आलेल्या प्लेटा आठवून बघितल्या. त्या तिने शुक्रवारी-शनिवारी काढलेल्या, गुरुवार अंगावर घेतलेल्या.

"दादा, निघोजकर उबेत नुसता वाढतो. गार झालं की रस करतो. तो गुरुवारी काम करतो!"

"समद्यांची सुट्टी आसती तवा?"

"हो!"

"मंग त्यो आपल्या युनियनचा न्हाई," ज्ञानदेव म्हणाले आणि आवरलेलं सामान पुन्हा फळीवर लावू लागले.

पुढच्या सोमवारी, भर कामाच्या दिवशी, कस्तुराने माझं बटण बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कामासाठी बंद झालो. कडं आलं. मग तिने सरांना फोन केला आणि म्हणाली, "सर, वार तुम्ही सांगा." सर म्हणाले बुधवार. बुधवारी त्यांच्यासमोर दोन रांगा मांडल्या. एक सतत उबेत ठेवलेली, तिच्यात एकही कडं नाही; दुसरी मधे गार केलेली, तिच्यात ठिपक्याठिपक्याभोवती कडं. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि घाई विसरून संध्याकाळपर्यंत बसले.

एकोणऐंशी साली कस्तुरा डॉक्टर झाली. आई भिमाबाई पेढे घेऊन आल्या, त्यांनी एक पेढा माझ्यावरही ठेवला. तो ऊब लागून वितळला आणि मुंग्या झाल्या.

आता ब्याऐंशी उजाडलंय. कंपनीत जनरेटर आलाय, मेन कुणी खाली ओढत नाही. माझी तार गेल्या महिन्यात जळली, दुरुस्ती परवडत नाही म्हणाले. कस्तुराला पुण्याला मोठ्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. परवा ती सामान न्यायला आली, बरोबर ज्ञानदेव. तेही आता रिटायर झालेत. त्यांनी माझ्यात हात घातला.

"गार हाय गं."

"दादा, आज सोमवार आहे."

"आता त्याला काय अन् मला काय, रोजच बेस्तरवार."

कस्तुरा हसली नाही. नव्या यंत्रात वाढवलेली निघोजकरची एक प्लेट तिने आणली आणि माझ्या खालच्या कप्प्यात ठेवली, पूर्वी मेथीचे डबे असायचे तिथे. म्हणाली, "एवढी याच्याकडेच होऊ दे. शुक्रवारी येऊन नेते."

भंगारवालाही शुक्रवारीच यायचा आहे असं ऐकतो. कोण आधी येतं बघू. बाबा रे, तूच आधी आलास तर माझं एवढं ऐक. मला उचलण्याआधी दोन्ही दारं उघड आणि हात आत घाल. आत एक प्लेट आहे. तिच्यात कालच कडं उमटलंय, चांगलं रुंद.