गुडघ्याचा भाव

“बर्फ कशाला रे एवढा?” नाश्त्याच्या टेबलावर त्याच्या मित्राने, रसने, विचारलं.

डेलमार ओटिंगने हॉटेलवाल्या मार्व्हाकडे नुकतीच बर्फाची मोठी पिशवी मागितली होती. “बसमध्ये पुढच्या सीटवर लागेल,” तो सहज म्हणाला. “पाय लांब करून बसायचंय तिला.”

“तिला म्हणजे? ब्रिटाला?”

डेलमार कॉफीत चमचा फिरवत राहिला. कॉफीत साखर नव्हती.

आयोवातल्या त्या गावात हल्ली प्रत्येकाच्या मोबाइलवर मॅचवर पैसे लावायचा बाजार होता. कॉलेजच्या पोरी आजची मॅच जिंकणार, असा एक शेअर. जिंकल्या तर त्याचा एक डॉलर, हरल्या तर शून्य. सकाळी भाव एकसष्ट सेंट होता. ब्रिटा संघाची हुकमी खेळाडू; तिलाच लागलंय म्हटल्यावर रसने आपले शेअर विकले, मग शेजारच्या टेबलाने. डेलमारचा टोस्ट संपेपर्यंत भाव एकेचाळीसवर आला.

“मी काही बोललो नाही हं,” डेलमार म्हणाला.

“तू कुठे काय बोललास? बर्फ मागितलास फक्त!” सगळं टेबल हसलं.

बास्केटबॉल संघाची बस तो अकरा वर्षं चालवत होता. बसमधलं सगळं त्याच्या कानावर पडायचं; म्हणून कोण जखमी, कोण खेळणार, हे बाहेर बोलायचं नाही, अशी कॉलेजने त्याची सही घेतली होती. पण बायको, लोरीन, गेल्यापासून घरात बोलायला कोणी नव्हतं. म्हणून तो नाश्त्याला इथे यायचा आणि जरा जास्तच बोलायचा. आता ती संघाची बस तेवढी त्याची उरली होती.

दहाला बस निघाली. तासाभराने मागून ब्रिटाचा आवाज चढला; ती संघातल्या कोर्टनीवर भडकली होती.

“डॉक्टर, कोच आणि तू. माझ्या गुडघ्याचं आणखी कुणाला माहीत होतं, कोर्टनी?”

“मी कशाला सांगेन?”

“मग भाव पडला कसा? बघ, लोक काय लिहितायत मला! ‘लंगडे, आमचे पैसे बुडवलेस.’ तुझा भाऊ खेळतो ना त्या बाजारात?”

“अगं, रात्री तुझा गुडघा मीच शेकत बसले होते!”

“पुरे,” कोचबाई म्हणाल्या. “कोर्टनी, मोबाइल इकडे दे. आज तू बाकावर बसायचं. बाकीचं सोमवारी बघू.”

डेलमारला आरशात कोर्टनी दिसत होती. ती रडत नव्हती, नुसती खिडकीबाहेर बघत होती. आपण बोललो हे कुणाला कळणार नव्हतं. रस काही बोलणार नव्हता. हायवेवरून बाहेर पडायचा एक फाटा गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला त्याने बस वळवली आणि पेट्रोल पंपाशी उभी केली.

“काय झालं, डेल? गाडी बिघडली?” कोचबाईंनी विचारलं.

“गाडी ठीक आहे.” टोपी काढून तो उभा राहिला. “मी बोललो. सकाळी, हॉटेलात. या पोरीने नाही.”

“तुम्ही?” ब्रिटा म्हणाली. “डेल, तुम्ही?”

“हो.”

कोचबाईंनी कोर्टनीला मोबाइल परत दिला.

“परतीला दुसरा ड्रायव्हर मागवते मी,” त्या डेलमारला म्हणाल्या. “तोवर चालवाल ना?”

“चालवतो.”

उरलेले चाळीस मैल त्याने एकेक खड्डा चुकवत बस नेली.

स्टेडियमच्या दाराशी तो आधी खाली उतरून उभा राहिला. पोरी एकेक करून गेल्या. कोर्टनी त्याच्याकडे न बघता गेली. ब्रिटा सगळ्यात शेवटी आली. पायरी उंच होती, दुखरा पाय जमिनीला पोचेना. तिने दोन्हीकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळा भार टाकून उतरली.

ती आत जाईपर्यंत तो तसाच उभा होता.