चहाच्या डब्यातले फोटो

कांगारूची शेपटी निखाऱ्यात पुरण्याआधी तिच्यावरचे केस जाळून खरवडून घेतात.

दुकानातल्या एका मुलीला एके दिवसापासून सगळे नावाऐवजी नुसते ‘ए बाई’ म्हणू लागले.

उन्हाळ्यात कुत्री सिमेंटच्या ओट्यावर पसरतात आणि कोणी ओलांडून गेले तरी हलत नाहीत.

टिक. टिक. टिक. मग काही नाही.

एक माणूस आपल्या फोनकडे बघत म्हणाला, ‘सांगितलं होतं तसंच केलं मी.’

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क. ‘आहे’ म्हणावे की ‘होते’, हे माझे मलाच ठरवता येत नाही. वरचे तुकडे माझ्याकडून आपोआप बाहेर पडले. आता मी क्रमाने सांगायचा प्रयत्न करते. मधला एखादा भाग निघाला नाही, तर तेवढा सोडून पुढे जा.

माझा जन्म अशा कारखान्यात झाला, जिथे धुळीचा कण आत येऊ देत नसत. मला घडवणारे लोक तोंडाला फडके आणि हातात मोजे घालून वावरत. माझ्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत चकत्या बसवल्या आणि त्यांच्यावर तरंगणाऱ्या बारीक सुया. सुयांनी चकत्यांच्या अगदी जवळ राहायचे, पण टेकायचे नाही. आयुष्यभर एवढेच सांभाळायचे होते.

आणि एवढ्या जपणुकीनंतर मी गेले कुठे, तर हॅनलन्स बोअरला. ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून कच्च्या रस्त्याने जावे तेव्हा ही आदिवासींची वस्ती लागते. तिथे सकाळी नुसते डोळे चोळले तरी बोटाला लाल माती लागते.

वस्तीच्या चित्रशाळेत बायका चित्रे काढत. तिच्या मागच्या खोलीत एक कंप्युटर होता, एक मोठा पडदा होता, आणि थंड हवेचे यंत्र होते. अ‍ॅडलेडहून नोकरीला आलेला फिलिप मला तिथे घेऊन आला. वस्तीचे सगळे फोटो त्याने गोळा केले. कोणाच्या पेटीतले जुने, कोणाच्या फोनमधले नवे. त्याने एक पद्धत लावून दिली. प्रत्येक फोटो तीन ठिकाणी असायचा: एक कंप्युटरमध्ये, एक माझ्यात, आणि एक माझ्या जुळ्या बहिणीत. ती अ‍ॅलिसमधल्या एका कचेरीच्या कपाटात राहत असे. फिलिप म्हणायचा, ‘इथे आग लागली तरी तिथली वाचेल.’ ग्वेंडाने ती पद्धत शिकून घेतली. ग्वेंडा वस्तीतलीच, चित्रशाळेची किल्ली तिच्याकडे असे.

ते माझे चांगले दिवस होते. दुपारी ऊन वाढले की लोक खोलीत येऊन बसत. निम्मे फोटो बघायला, निम्मे थंड हवेला.

‘हा कोण गं?’

‘तुझा बाप.’

‘एवढा बारीक?’

‘तेव्हा त्याला कोणी जेवायला घालत नव्हतं. तुझी आई भेटली नव्हती.’

‘आणि हा शेजारी उभा आहे तो?’

‘तो डेस्मंड. त्याने फोटोत येण्यापुरताच बैल धरलाय. बैल धरून ठेवणारा दुसराच होता, त्याला फोटोबाहेर ठेवलाय.’

डेस्मंड मागच्या खुर्चीवरच बसलेला असे. तो म्हणे, ‘बैलाला विचारा.’

त्याची बहीण मर्टल सगळ्यांत पुढे, जमिनीवर मांडी घालून बसे. वयाने मोठी बाई, आवाज खरखरीत. उठताना ती एकदा माझ्या पाठीवर हात ठेवी आणि म्हणे, ‘हिच्या पोटात सगळं गाव आहे. कोणी हिच्यावर चहा सांडला तर बघा.’ मित्रांनो, यंत्राला कौतुक कळत नाही असे म्हणतात. मला कळत होते.

मग मर्टलची मुलगी गेली. अ‍ॅलिसच्या रस्त्यावर गाडी उलटली. तिची लेक टॅनिका तेव्हा रांगतही नव्हती.

त्या लोकांत गेलेल्या माणसाचे नाव घेत नाहीत आणि त्याचा फोटोही बघत नाहीत. नाव घेतले, चेहरा दिसला, तर मागे राहिलेल्यांचे दुःख हलते आणि गेलेल्याचीही वाट अडते. घरचे मोठे लोक सांगतील तेव्हा दुखवटा उठतो. तोवर सगळे झाकलेले. दुकानातल्या मुलीचे नाव तेच होते, म्हणून ती ‘ए बाई’ झाली. मर्टलने केस कापले. मुलीचे घर सोडले, आत धूर फिरवला. आणि फोटो आवरायचे काम ग्वेंडाकडे आले.

ग्वेंडा ही मर्टलच्या बहिणीची मुलगी. म्हणजे गेलेली तिची बहीणच. ती पडद्याकडे तिरकी बसून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत एकेक फोटो निवडत होती. ज्यात गेलेली बहीण होती ते सगळे माझ्यात राहिले. बाकी गाव एका नव्या डिस्कमध्ये गेले. कंप्युटरमधून तिला काढले. अ‍ॅलिसला जाऊन माझ्या बहिणीतूनही काढले. मग ग्वेंडा घरोघर फिरली. ‘फोनातलं पण काढा. इंटरनेटवर टाकलं असेल तेही. ठेवायचं असेल तर माझ्याकडे द्या, मी आत टाकते, मग तुमच्याकडचं पुसा.’

लोकांनी दिले आणि पुसले.

फिलिपला राहवले नाही. ‘एक प्रत अ‍ॅलिसला राहू दे, ग्वेंडा. कुलूप लावून ठेवू.’

‘तिथे कोण बसलंय?’

‘कचेरीतली माणसं.’

‘त्यांना माहीत आहे का ती कोण होती? कोणी चुकून उघडलं, हौसेने भिंतीवर लावलं, आणि मावशी तिथे कागदावर सही करायला गेली तर? दोन दारं ठेवली की दोन्ही दारांवर बसावं लागतं. बसणारी मी एकटी.’

‘बरं. मग निदान अधूनमधून चालवून बघ.’

‘बघायचंच नाहीये, फिलिप. तेच तर चाललंय.’

 पुढे फिलिपची नोकरी संपली आणि तो अ‍ॅडलेडला परत गेला.

मर्टलने मला आपल्या डोक्याच्या रुमालात गुंडाळले आणि चहाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. लोक बसतात त्या थंड खोलीत असली वस्तू ठेवता येत नव्हती. म्हणून डबा गेला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, सर्वांत वरच्या फळीवर, रिकाम्या रंगाच्या बादल्यांमागे.

उन्हाळा. पत्रा तापला की डबा तापे, डबा तापला की मी.

वादळ. लाल माती झाकणाच्या कडेने आत. रुमालातून आत.

हिवाळा. पहाटे पत्र्यावर दव गोठे.

उन्हाळा.

(इथला भाग निघत नाही.)

उन्हाळा.

शेडमध्ये लोक येत, बादल्या नेत, डब्याकडे बघणे टाळत. मला कोणी विसरले नव्हते, मित्रांनो. अडगळीत पडलेल्या वस्तू तक्रार करतात की आमची आठवण कोणाला नाही. माझी आठवण सगळ्यांना होती. म्हणूनच मला कोणी हात लावत नव्हते. माझ्या आतले तेल घट्ट होत गेले. सुया कधी न हलल्यामुळे जागच्या जागी धरल्या. बाहेरून मी तशीच दिसत होते.

टॅनिका आता थंड खोलीत येऊन फोटो बघण्याएवढी झाली होती. ती ग्वेंडाला आईच म्हणे, कारण त्यांच्यात आईच्या सगळ्या बहिणी आयाच. पण तिला हेही ठाऊक होते की एक आई आणखी होती. एकदा पडद्यावर लग्नाचा फोटो लागला. सगळ्या मुलांनी आपापल्या आया शोधल्या.

‘माझी कुठाय?’ तिने विचारले.

‘ती झाकलेली आहे,’ मर्टल म्हणाली.

‘कुठे?’

‘चहाच्या डब्यात.’

‘दिसायला कशी आहे?’

 त्यानंतर मर्टल आणि डेस्मंड बरेच दिवस याच गोष्टीवर बोलत राहिले. शेवटी एका सकाळी ती ग्वेंडाच्या दारात येऊन उभी राहिली. ‘झालं. पोरीला बघू दे आता. मलाही बघायचंय.’

त्या दिवशी चित्रशाळेच्या अंगणात खड्डा करून शेपट्या भाजायला पुरल्या होत्या. खोलीत खुर्च्या पुरेनात. टॅनिकाचे केस ओले करून विंचरले होते. मर्टल नेहमीसारखी पुढे, आणि पोर तिच्या मांडीत.

‘रडायचं असेल तर रड,’ डेस्मंड बहिणीला म्हणाला. ‘पण पडद्यासमोर उभी राहून रडू नकोस. मागच्यांना दिसत नाही.’

‘तू बैलाच्या बाजूला जाऊन बस,’ मर्टल म्हणाली. लोक हसले. मी शेवटचे ऐकलेले ते हसणे.

ग्वेंडाने रुमाल सोडला. माती झटकली. मला तार जोडली.

मी फिरायचा प्रयत्न केला. खरेच केला. चकत्या हलल्या, सुया हिसका बसून सुटल्या आणि टेकल्या.

टिक. टिक. टिक.

‘तार नीट लाव,’ कोणीतरी म्हणाले.

ग्वेंडाने तार काढली, लावली, दुसरी आणली. प्रत्येक वेळी मी थोडी आणखी खरवडली जात होते. ते तिला बाहेरून दिसत नव्हते.

‘काय म्हणतेय ती?’ मर्टलने विचारले.

‘काही नाही म्हणत, मावशी.’

डेस्मंडला कुठेतरी ऐकलेले आठवले. अशा डिस्क रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्या की एकदा तरी चालतात. ग्वेंडा नको म्हणत होती, पण तिच्या ‘नको’मध्ये आता जोर नव्हता. मला पिशवीत घालून दुकानाच्या फ्रीझरमध्ये, उरलेल्या शेपट्यांच्या शेजारी ठेवले. सकाळी काढले तेव्हा माझ्या अंगावर आणि अंगातही पाणी सुटले होते. त्यानंतर मी टिकसुद्धा केले नाही.

ग्वेंडाने फिलिपला फोन लावला. त्याने मला मागवून घेतले आणि अ‍ॅडलेडमध्ये डिस्क दुरुस्त करणाऱ्या एका बाईकडे नेले. तिने मला उघडले. चकत्यांवर गोल चरे होते, त्यांच्या कडेला चांदीच्या भुकटीसारखे काहीतरी साचले होते. ‘ही भुकटी म्हणजेच फोटो,’ ती म्हणाली. ‘यातून आता काही निघणार नाही.’ फिलिपने तिला दोनदा विचारले. मग तो बाहेर जाऊन गाडीत बसला आणि त्याने हॅनलन्स बोअरला फोन केला. ग्वेंडाने ऐकून घेतले आणि विचारले, ‘डिस्क परत पाठवशील ना? मावशी मागेल.’

वस्तीत सगळ्यांनी जुने फोन काढले. फुटलेले, चार्ज न होणारे, गादीखालचे. ग्वेंडा पुन्हा घरोघर फिरली, त्याच दारांवर, उलटी मागणी घेऊन. कोणाकडे काही नव्हते. एकही माणूस असा निघाला नाही, ज्याने चोरून एखादा ठेवला होता. डेस्मंड आपल्या फोनकडे बघत म्हणाला, ‘सांगितलं होतं तसंच केलं मी.’

‘सगळ्यांनीच केलं, मामा,’ ग्वेंडा म्हणाली.

सगळ्यांनी शब्द पाळला होता.

टॅनिका काही दिवस विचारत राहिली. एका दुपारी मर्टल तिला घेऊन ओट्याखालच्या वाळूत बसली. बायका पोरांना गोष्टी सांगताना वाळूत खुणा काढतात. मर्टलने तळहाताने वाळू सारखी केली आणि बोटाने घोड्याच्या नालासारखी एक खूण काढली.

‘ही बाई बसलीये. ही तुझी आई.’

पोरीने वाकून बघितले. ‘तू पण अशीच काढतेस. तू बसलेली असलीस तरी.’

‘हो.’

‘ग्वेंडाआई पण अशीच.’

‘हो.’

‘मग हिचं तोंड कुठाय?’

मर्टल खुणेकडे बघत राहिली. ‘तोंड काढत नाहीत,’ ती म्हणाली. ‘बाई अशीच काढतात.’

मी डब्यात होते, आणि डबा मर्टलच्या शेजारी होता. मला टॅनिकाच्या आईचे तोंड ठाऊक होते. ते असे होते: तिचा डावा

(निघत नाही.)

ती हसली की आधी

(निघत नाही.)

मित्रांनो, माझ्यासारखीच्या तोंडी उपदेश शोभत नाही, तरी ऐका. ज्या गोष्टीकडे बघायचे नाही असे ठरवले असेल, तिच्याकडे बघू नका. ते ठरवणे तुमच्या घरचे आहे, त्यात यंत्राने बोलू नये. पण झाकून ठेवणे म्हणजे जपणे झाले, असे समजू नका. एकीला दुसरी जोडीदार द्या, आणि तिला लांब ठेवा, जिथले माणूस तुमचे दुःख ओळखते. दोघींना अधूनमधून जागे करा. आम्ही धातूच्या आहोत, म्हणून कायमच्या आहोत असे नाही. उष्णता, माती आणि शांतता आम्हांलाही खाते.

ग्वेंडा आता तसेच करते. कोणी गेले की दोन डबे भरते. एक तिच्याकडे, थंड खोलीलगतच्या कपाटात. दुसरा पलीकडच्या वस्तीत तिच्या थोरल्या जावेकडे, जी गेलेल्या सगळ्यांना नावानिशी ओळखते आणि एकाचेही नाव घेत नाही. ठरल्या दिवशी दोघी आपापल्या ठिकाणी पडद्यावर चादर टाकतात, डिस्क जोडतात, आणि ती सरळ फिरते का, एवढे कान लावून ऐकतात. मग काढून ठेवतात.

मला टाकून द्यायला मर्टल तयार नाही. ‘आत आहे ती,’ असे ती म्हणते, आणि तिला कोणी समजावत नाही.

अंगणातल्या नळाखाली आई टॅनिकाला आंघोळ घालत होती, आणि ग्वेंडाने हाक मारल्यावर दोघींनी एकदमच वर बघितले, असा एक फोटो होता.