सुनेच्या हातची गोळी

"हे जहर आहे का नाई, तेवढं सांग. बाकी मले काही नको."

बापूराव भगतांनी रुमालाची गाठ सोडून औषधाच्या दुकानातल्या काचेवर ठेवली. आत पांढऱ्या-गुलाबी गोळ्या होत्या, काही अर्ध्यामुर्ध्या विरघळलेल्या. बोलण्याआधी त्यांनी मागं वळून पाहिलं होतं. उभा जन्म पुलगावातल्या एका कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर पहारा करण्यात गेला. आल्यागेल्याची पिशवी चाचपल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही, हीच नोकरी. नोकरी सुटली, पण खोड कुठं सुटते!

दीपमाला नाचणगावातलं ते दुकान चालवायची. शिकलेली फार्मासिस्ट, गावातलीच मुलगी. तिनं एक गोळी कागदावर घेतली.

"काका, या ओल्या काऊन आहेत?"

"गालात धरून ठेवतो न. सून समोर उभी राह्यते. ती वळली का रुमालात थुकतो."

"अन् जहर कशावरून म्हणता?"

"घेत होतो तवा गरगर फिरे. न्हाणीत पडलो. थुकायले लागलो, चक्कर गायब. आता तूच सांग!"

युक्तिवाद बिनतोड होता. शेजारच्या रूपरावांना तर तो पुरता पटला होता.

झालं होतं असं. मयुरी लग्न होऊन आली आणि आल्या आल्या तिनं सासऱ्याच्या गोळ्या आपल्या ताब्यात घेतल्या. कुणी सांगितल्या होत्या नसत्या उठाठेवी? बापूरावांच्या डोक्यात किडा वळवळला. घर त्यांच्या नावावर, मुलगा एकुलता एक. हिला घाई तर नाही? काल भरल्या ताटावरून ते उठले आणि म्हणाले, "हिच्या हातचं मी काही खाणार नाई. ही मले मारून राह्यली." ओट्यावर बसलेल्या रूपरावांनी ते ऐकलं. मयुरीनं पिशवी भरली आणि ती गिरडला माहेरी निघून गेली.

मुलगा अश्वजित सकाळी बापासमोर येऊन उभा राहिला. "बाबा, दीपमालाताईले गोळ्या दाखवा. खराब निघाल्या तं मी तिले आणत नाई. बरोबर निघाल्या तं आजच आणतो. मंग तिच्याशी काय बोलान थे तुमी पाहा."

पोराच्या संसाराचा निकाल असा रुमालात बांधून म्हातारा आला होता.

बीपी-शुगरवाल्या प्रत्येकाला दीपमाला सांगायची, घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. मग ती पिशवी रिकामी करून कोण काय घेतो, कसं घेतो, कधी विसरतो, सगळं खोदून खोदून विचारायची. बापूरावांनीही सुनेच्या डब्यातली पाकिटं आणि डॉक्टरांची फाइल उचलून आणली होती. दीपमालानं गोळी न् गोळी ताडून पाहिली.

"तिन्ही प्रेशरच्याच हायेत काका. डॉक्टरनं लिहिल्या त्याच."

बापूरावांचं तोंड उतरलं. सून निर्दोष निघाली याचं वाईट वाटलं त्यांना! माणसाचं मनही काय चीज आहे.

"तू तिचीच बाजू घेशीन. तुमी बाया बाया एक."

दीपमालानं मनावर घेतलं नाही. दंडाला पट्टा बांधून तिनं प्रेशर मोजलं. चांगलंच चढलेलं होतं. मग ती फाइलची पानं उलटत राहिली.

"डॉक्टरनं गोळी वाढवली. मंग दुसरी लावली, मंग तिसरी. तरी प्रेशर जागचं हललं नाई. मयुरी यायच्या आधी गोळ्या कोण देत होतं?"

"मीच घेत होतो."

"खरंच घेत होते?"

बापूराव रस्त्याकडे पाहू लागले. मग एकदम उसळले, "धंदा आहे हा कंपन्याइचा! एकदा गोळी लागली का सुटत नाई. मी काही येडा नाई."

"मंग टाकत कुठं होते?"

"मोरीत."

"अन् डॉक्टरले काय सांगत होते?"

"घेतो म्हणून. थे कावतात न लई."

दीपमालानं फाइल मिटली. "डॉक्टरले वाटलं गोळी पुरत नाई, म्हणून थे वाढवत गेले. तुमच्या पोटात एकही जात नव्हती. मयुरीनं तिन्हीच्या तिन्ही समोर उभं राहून खाऊ घातल्या, तं प्रेशर धाडकन पडलं. चक्कर त्याची होती काका. डॉक्टरनं लिहिलं तसंच तिनं दिलं. खोटं तुमी बोलले."

तिनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. तूर्त एकच गोळी द्या, उद्या त्यांना माझ्याकडे पाठवा, असं डॉक्टर म्हणाले.

"अश्वजितले तूच सांगजो ना पोरी," बापूराव हळूच म्हणाले.

"गोळ्या बरोबर आहेत, एवढं सांगीन. मोरीचं तुमी सांगा."

बापूरावांना लाज वाटली, अगदी खरीखुरी. घरापर्यंतच्या रस्त्यात त्यांनी कुणाच्या जय भीमला धड उत्तर दिलं नाही.

दिवेलागणीला अश्वजितच्या गाडीवरून मयुरी आली. बापूराव बाजेवरून उठले. रूपरावांना त्यांनी मुद्दाम हाक मारून बोलावलं. "तू बी ऐक. काल ऐकलं न, मंग आजबी ऐक." आणि मोरीपासून सगळं सांगितलं. "चूक माही होती पोरी. तुह्यावर आळ घेतला. माफ कर."

"बरं झालं बाबा, कळलं तं," मयुरी म्हणाली आणि स्वयंपाकाला लागली. बापूरावांचा जीव भांड्यात पडला. मिटलं म्हणायचं! वांग्याची भाजी त्यांनी दोनदा मागून घेतली.

जेवण झाल्यावर मयुरीनं गोळ्यांचं कोरं पाकीट त्यांच्यापुढं ठेवलं. येताना दुकानाशी गाडी थांबवायला लावून तिनं ते घेतलं होतं.

"तूच काढून दे ना, रोजच्यासारखी."

"नाई बाबा. सीलबंद आहे, पाहून घ्या." मग नवऱ्याकडे वळून, "अहो, तुमीबी पाहून घ्या."

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

बापूरावांची नखं चंदेरी कागदावरून घसरत राहिली. अश्वजित मदतीला वाकला, तशी ती म्हणाली, "बाबालेच काढू द्या."

शेवटी गोळी निघाली. बापूरावांनी ती पाण्यासोबत गिळली आणि लहान पोरासारखं तोंड उघडून, जीभ वर करून तिला दाखवलं.

मयुरी पाहत नव्हती.