राईच्या वरच्या अंगाला

पद्मावतीबाई धावण्यामुळे गेल्या, हे गावाने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. सदुसष्टाव्या वर्षी कसलं हे धावणं, असं म्हणत भेटायला येणाऱ्यांनी बाराव्यापर्यंत त्याला दुजोराही दिला. त्यांची मुलगी सुलोचना सगळ्यांना चहा देत राहिली, वाद तिने कुणाशी घातला नाही. तेराव्या दिवशी वास्कोला परतण्यासाठी बॅग भरताना तिने आईचं घड्याळ मोबाइलला जोडलं, आणि बॅग तशीच अर्धी राहिली.

घड्याळ तिनेच आईला दिलेलं. गोवा मुक्तीनंतर गावात निघालेल्या मराठी शाळेत चौतीस वर्षं शिकवून बाई निवृत्त झाल्या आणि एक दिवस बूट घालून धावायला लागल्या. गावाला करमणूक झाली. "बाई, कुत्रो लागलो काय पाठी?" पावाची टोपली घेऊन जाणारा पोदेर सायकलवरून विचारायचा. "कुत्रा नाही रे, साखर लागलीय," असं म्हणून बाई पुढे जायच्या. त्यांचे रस्ते ठरलेले होते. सोमवारी मयेच्या तळ्याला वळसा, बुधवारी शेतांच्या बांधांवरून, आणि शनिवारी मोठा फेरा: काजूंच्या उतारावरून देवाच्या राईत, राईतून खाली डांबरी रस्त्याला.

त्या गेल्या तो शनिवार होता. मोबाइलवरच्या नकाशात त्या दिवशीची रेघ राईतच थांबलेली होती, सहा बावन्नला. दोन मिनिटं ती तिथेच होती. मग पुन्हा हलली, चालण्याहूनही सावकाश, आणि आली होती त्याच बाजूला उलटी वर चढून राईबाहेर काजूत जाऊन थांबली. खाली दुसरी रेघ होती काळजाच्या ठोक्यांची. ती राईत अडखळली होती खरी, पण तुटली होती सात वाजून तीन मिनिटांनी, वर काजूत.

सुलोचनाने दोन्ही रेघा कितीतरी वेळा पाहिल्या. आई सगुणला सापडली होती. राईची देखभाल करायची यंदाची पाळी त्याची. "बाई वर काजूत पडलेल्या दिसल्या," असं त्याने पोलिसांना सांगितलं होतं. आईची सोन्याची चेन रुमालात बांधून त्याने घरी आणून दिली होती. तेव्हा सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं होतं. आता सुलोचनाला तो रुमालच आठवत राहिला. चेन परत करणारा माणूस काही लपवत असेल, तर ते चेनीहून मोठं असणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती आईच्या वाटेने निघाली. काजूच्या उतारावर गावातली चंद्रावतीकाकी बिया वेचत होती. सुलोचनाला बघून तिने कंबर सरळ केली.

"तू पण धावतंस की काय आता?"

"नाही गं काकी. वाट बघायला आले."

"बाईंची वाट म्हणजे घड्याळ. त्या राईच्या कडेक पोचल्या की मी चुलीर पाणी ठेवायचे. तिथं बूट काढायच्या, हातात धरायच्या, आणि अनवाणी पलीकडे. देवाच्या राईत पायताण चालत नाय ना."

"आणि इथे, काजूत?"

"हंय? ह्या खड्यांवर अनवाणी कोण धावणार, बाय? पाय फाटतले."

आई सापडली तेव्हा पायात बूट नव्हते. ते शेजारी ठेवलेले होते, असं सगुणच म्हणाला होता. इस्पितळातल्या पिशवीतले बूट पाहताना तिला ते खटकलंही नव्हतं.

तिने चपला काढल्या आणि राईत शिरली. आत अजून अंधारलेलं होतं. आठवड्यापूर्वीच्या जत्रेतली केळीची पानं एका बाजूला वाळत पडली होती. रेघ थांबली होती त्या जागी उभं राहून तिने मोबाइल पाहिला. रेंज होती. खाली डांबरी रस्त्याला ती पावलं मोजत गेली: सत्तर, तीही उताराची. परत येऊन वर काजूपर्यंत मोजली: दोनशे चाळीस, चढाची. रुग्णवाहिका खालच्या रस्त्यावरच उभी राहिली होती. आईला स्ट्रेचरवरून राईला वळसा घालून पुन्हा खाली आणावं लागलं होतं.

सगुण घराच्या सोप्यावर सुपाऱ्या सोलत बसला होता.

"बस, बाय. च्या ठेवूक सांगतंय."

"नको. आई राईत पडली होती ना, सगुणदादा?"

त्याचे हात थांबले. "कोणी सांगलां?"

"घड्याळाने. आता तुम्ही सांगा."

त्याने हातातली सुपारी सुपात टाकली. "आठ दिसांवर जत्रा होती," तो म्हणाला. "राईत मरण झालां की राय बाटते. जत्रा बंद. माझ्या पाळीत असां कधी झालां नव्हतां, माझ्या बापाच्या नाय, आज्याच्या नाय. माका वाटलां, बाई गेल्याच. हात थंड, डोळे वर. मी हाक मारलंय, दोनदा."

"खाली रस्ता सत्तर पावलांवर होता."

"राईची हद्द पार डांबरापर्यंत. आणि रस्त्यार लोक होते. बसची वेळ."

"लोक होते म्हणून वर नेलंत."

त्याने होय म्हणून मान हलवली. मग तो अचानक म्हणाला, "माझ्या पोरीक बाईंनीच वाचूक शिकवलां." ते बोलून त्याचा त्यालाच राग आल्यासारखा दिसला. "बाय, एकच सांग. त्या घड्याळात दिसतां काय? मी उचललंय तेव्हा जीव होतो?"

नाही म्हणणं सोपं होतं. झटका एवढा मोठा होता की दारात डॉक्टर असता तरी उपयोग झाला असता की नाही सांगता येत नाही, असं इस्पितळात तिला सांगितलं होतं. तेही तिला इथे म्हणता आलं असतं. पण समोरचा माणूस कशासाठी विचारतोय, याचाच तिला भरवसा नव्हता.

"होता," ती म्हणाली. "पडल्यापासून अकरा मिनिटं."

सगुण रडला नाही. त्याने सुपाऱ्यांचं सूप बाजूला सारलं.

"पोलिसांत जातलीस?"

"ते ठरवलं नाही. आई धावल्यामुळे मेली असं गाव म्हणतंय. ती कुठे पडली आणि पुढे काय झालं, ते आधी देवस्थानच्या गावकरांना सांगा."

"सांगलंय तर पाळी गेली. माझ्या पोरांक पण राईत पाय ठेवूक देवचे नाय. आणि बाटलेल्या राईत जत्रा झाली म्हणून अख्खो गाव माझ्या नावान..."

"हो," सुलोचना म्हणाली.

तो आत गेला. मागच्या दाराने जाईल, असं तिला वाटलं. पण अंगात शर्ट घालून तो पुढच्याच दाराने बाहेर आला आणि तिच्याकडे न बघता चालू लागला. ती वीस पावलं मागे ठेवून त्याच्या पाठी निघाली. फाट्यावर तो थांबला. डावीकडे बसथांबा होता, आणि बस उभी होती. सुलोचनाही थांबली. बसच्या कंडक्टरने त्याला हात केला, "येतंस काय, सगुणदा?" बस सुटेपर्यंत तो तिथेच उभा राहिला आणि मग उजवीकडे वळला.

थोरले गावकर पांडुरंग अंगणात खुर्ची टाकून बसले होते. सगुण पायऱ्यांखालीच उभा राहिला. सुलोचना फाटकापाशी थांबली, तिथून शब्द ऐकू येत होते.

"जत्रेच्या आधी राईत मरण झालां," तो म्हणाला, आणि गावकर खुर्चीतून उठायच्या आत त्याने हात वर करून त्यांना थांबवलं. "नाय. मरण नाय. बाई जिवंत होत्या. मीच त्यांका भायर काढलंय, राय बाटूची नाय म्हणून."