येताना कान आणा

सकाळपासून तिसऱ्यांदा भोंगेवाला ऑटो इंदुताईच्या दारासमोरून गेला आणि तिसऱ्यांदा इंदुताईचीच धून इंदुताईच्या कानावर आदळली.

“ऐका हो ऐका! आज मंडईनिमित्त रात्री ठीक दहा वाजता, गुणवंतरावांच्या कंपनीचं काळीज चिरणारं नाटक!” आणि मागं पायपेटीवर वाजणारी बिदाईची धून. नाटकातली बहीण भावाचं घर सोडून निघाली की ती धून सुरू व्हायची, आणि सावलीपासून चिमूरपर्यंत कोणत्याही गावात बायांचे पदर डोळ्यांना लागायचे. धून इंदुताईनं बसवलेली, हात इंदुताईचे, भाता मारणारे गुडघेही तिचेच. माणसाला कामावरून काढलं तर एकवेळ समजता येतं हो. पण ज्याला काढलं त्याच्याच हातचं वाजवणं भोंग्यावर लावून त्याच्याच दारासमोरून मिरवायचं, याला काय म्हणायचं? निलाजरेपणालाही काही हद्द असते.

इंदुताई हातातला लसूण खाली ठेवून उंबऱ्यात उभी राहिली. ऑटो वळणाआड जाईपर्यंत तिनं धून नीट ऐकली आणि मग एकदम हसली. घर मंडईच्या पाहुण्यांनी भरलेलं, चुलीवर मासोळीचा रस्सा रटरटत होता. तिच्यासोबत गाणारी चंचल आतून ओरडली, “काऊन हासून राह्यल्या जी ताई?”

“काई नाई. पत्रूले त्या राती भल्ली सर्दी होती, ते आठोलं.”

झालं होतं असं. इंदुताईनं अर्धं आयुष्य गुणवंतरावाच्या कंपनीत पायपेटी वाजवली. झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, दिवसा बाजार आणि रात्री नाटक, ते थेट होळीपर्यंत. त्या सगळ्या सिझनभर ती स्टेजच्या पायथ्याशी, लोकांकडे पाठ करून बसायची. नट संवाद विसरला की चार सूर लांबवून त्याला सावरायचं, नटी रडता रडता खोकायला लागली की सूर चढवून तिची अब्रू झाकायची. टाळ्या त्यांना. पोस्टरवर मुंबईहून आणलेल्या नटीचा फोटो बैलगाडीएवढा, आणि खाली बारीक अक्षरात ‘संगीत साथ : पत्रू, कोलू व इतर’. त्या ‘इतर’मध्ये इंदुताई.

तिचा मुलगा अमर त्याच कंपनीत माईक-भोंग्याचं काम पाहायचा. मागच्या सिझनला त्यानं एका रात्री तिच्या पायपेटीवर वेगळा माईक टांगला. “आई, तुह्यं वाजवनं जपून ठेवतो. म्हातारी झाली का ऐकत बसशील.” माय म्हणून तिचा ऊर भरून आला होता. आठ दिवस ती गावभर सांगत होती, माह्या पोट्ट्यानं असं केलं, माह्या पोट्ट्यानं तसं केलं!

आणि यंदा दसरा झाल्यावर ती वडश्याला कंपनीच्या ऑफिसात तारखा विचारायला गेली, तर गुणवंतरावानं टेबलावर पेढ्याच्या डब्याएवढी एक मशीन ठेवली.

“इंदुताई, तुमचे गुडघे दुखते. आता घरी बसा, आराम करा. या डब्ब्यात तुमचाच हात हाय ना! तुमच्या जागेवर कोन्या परक्याले थोडी बसोलं?”

इंदुताईनं डब्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या अमरकडे. अमर खाली मान घालून वायर गुंडाळत होता. वायर आधीच गुंडाळलेली होती. तेव्हा तिला सगळं उमगलं, आणि मालकापेक्षा त्या वायरनंच तिला जास्त जाळलं. आपलेच दात, आपलेच ओठ. चावलं तरी ओरडायचं कोणाच्या नावानं?

“मंग पुढच्या साली मालकाचाही असाच डब्बा करून ठेवा,” ती उठत म्हणाली. “कंपनीले कुलूप लावाले तोच बरा पडंल.”

तबल्यावरचा पत्रू आणि क्लॅरोनेटवाला कोलू, दोघांनाही त्याच दिवशी नारळ मिळालेला. तिघं चहाच्या टपरीवर बसले. पत्रू गडचिरोलीकडचा, जंगलातल्या गावचा माणूस, बोलायला कंजूष. त्यानं कप संपवला आणि विचारलं, “आता?”

“आता आपला सिझन.”

“कोनतं नाटक?”

“नाटक नाई. वाजवाचं. फक्त वाजवाचं.”

कोलू म्हणाला, “बाप्पा! नाटक नाई, त लोक पाहातीन काय?”

“पाहाले कोन बोलावते? डोळे घरी ठेवा म्हना, कान आना म्हना.”

तेच तिनं पत्रकावर छापलं. ‘नाटक नाही. नाच नाही. फक्त संगीत. येताना कान आणा.’ खाली यंदाचे पाच कार्यक्रम : पहिला तिच्या स्वतःच्या गावच्या मंडईत, मग सावली, चिमूर, गोंडपिपरी, आणि शेवटचा वडश्याला, गुणवंतरावाच्या ऑफिससमोरच्या चौकात.

“तिथी काऊन?” पत्रूनं विचारलं.

“मालकाले लांब जा लागू नये म्हनून.”

चिमूरचे मंडईवाले पत्रक वाचून म्हणाले, आमचं गाव गोऱ्या साहेबाले नाई भेलं, तुमच्या गुणवंतरावाले काय भेते! पण व्यवहाराला तेही पक्केच. चारही गावांचा निरोप एकच आला : आधी तुमच्या गावात माणसं बसू द्या, मग आमची तारीख पक्की समजा. म्हणजे आज मांडव रिकामा राहिला की चारी तारखा गेल्या, आणि इंदुताई जन्मभरासाठी त्या डब्यात गेली. गुणवंतराव तर गावात आल्यापासून पानठेल्यावर सांगत होताच, “रिकाम्या मांडवात कुत्रे ऐकतीन.”

घरात मायलेकांचं बोलणं त्या दिवसापासून बंद. ती ताट वाढायची, त्याच्याकडे सरकवायची, तो खाली पाहून जेवायचा. एकदा त्यानं तोंड उघडलं होतं, “आई, मालकानं मांगलं, मी दिलं, मले वाटलं...” तिनं भांडी अशी आदळली की पुढचं त्याचं त्यालाच ऐकू गेलं नसेल. राग होताच. त्याहून जास्त दुखत होतं, आणि दुखतंय हे त्याला कळू द्यायचं नव्हतं.

कार्यक्रम तिनं दुपारचा ठेवला. रात्र मालकाची, पण दुपार काही कोणाच्या बापाची नाही. शाळेजवळच्या मोहाच्या झाडाखाली छोटा मांडव. माईक-भोंगे मंडई कमिटीनं गुणवंतरावाकडूनच भाड्यानं घेतलेले, त्यामुळे मशीनपाशी अमर. इंदुताई पायपेटीशी बसली. या वेळी लोकांकडे तोंड करून.

पहिल्यांदा समोर होत्या चार म्हाताऱ्या, काही लेकरं आणि खरंच एक कुत्रं. इंदुताईनं त्या कुत्र्याकडे पाहून भूप सुरू केला. पलीकडे जिलेबीवाला ओरडत होता, आकाशपाळणा करकरत होता. पण मंडईला माहेरी आलेल्या लेकी दुपारी करणार काय? बांगड्या घेऊन झाल्या, जिलेबी खाऊन झाली. एक आली, तिनं बहिणीला हाक मारली, बहिणीनं सासूला. चंचलचा आवाज लागला तेव्हा मांडवाची अर्धी सतरंजी भरली होती, आणि कोलूनं क्लॅरोनेट तोंडाला लावलं तेव्हा माणसं सतरंजीबाहेर मातीत बसत होती. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, “अबे, हे त नाटकात रोजच वाजते, पन आपन कधी ऐकलंच नाई!”

मग इंदुताईनं बिदाईची धून धरली.

तोवर प्लास्टिकच्या खुर्चीत पाय हलवत बसलेला गुणवंतराव ताडकन उठला. रात्रीच्या नाटकाचा सगळा जीव त्या धुनीत, आणि ही बाई दिवसाढवळ्या ती वाटून टाकतेय! तो तरातरा अमरपाशी गेला. “बंद कर. धून कंपनीची हाय.”

अमरनं मायकडे पाहिलं. मायनं त्याच्याकडे पाहिलं. आणि त्या पोरानं बटण फिरवलं.

मांडवातला आवाज पडला. तेवढ्यात मालकाच्या इशाऱ्यावर भोंगेवाला ऑटो मांडवाला खेटून उभा राहिला आणि डब्यातली धून गर्जायला लागली. समोर जिवंत इंदुताई मुकी, आणि मागच्या सालची इंदुताई भोंग्यावर. लोक इकडे पाहावं की तिकडे, या घोळात. एकदोघं उठलेसुद्धा.

इंदुताईनं पट्ट्यांवरचे हात उचलले आणि ती उभी राहिली. पोटातून निघालेला आवाज, त्याला कशाचा माईक लागतो!

“बसा जी, उठू नका! हे मागच्या सालची इंदु हाय, तिलेही ऐकून घ्या. चांगली वाजवते बिचारी. आता सूर चढंल... चढला? आता थोडी थांबंल... थांबली ना? अन् आता, कान द्या, आता पत्रू शिंकते!”

भोंगा क्षणभर हळू झाला, सूर अगदी रडवेला झाला, आणि त्यातून स्वच्छ आवाज आला : आक्छी!

आधी मागं बसलेली लेकरं फुटली. मग बाया, मग म्हाताऱ्या, मग अख्खा मांडव. पत्रू तबल्यामागे तोंड लपवून बसला. कोणीतरी ओरडलं, “वन्स मोअर!” आणि झाडीपट्टीत वन्स मोअर आला की तो द्यावाच लागतो, हे त्या ऑटोवाल्यालाही ठाऊक. त्यालाच हसू आवरत नव्हतं. त्यानं धून मागं नेऊन पुन्हा लावली. सूर चढला, थांबला, लोकांनी श्वास धरला, आणि पत्रू पुन्हा शिंकला. त्याच जागी, तसाच.

“जलमभर तिथीच शिंकंल तो!” इंदुताई म्हणाली. “त्याची सर्दी कधीची गेली, पन डब्ब्यातली जात नाई. मी त तुमचं तोंड पाहून वाजवतो. डब्बा कोनाचं तोंड पाहाते?”

“बंद कर बे ते!” गुणवंतराव ऑटोवाल्यावर खेकसला. भोंगा गप्प झाला. गरज सरो आणि वैद्य मरो म्हणणाऱ्याचं तोंड कसं होतं, ते त्या दिवशी गावानं फुकटात पाहिलं.

“आता माईक नाई,” इंदुताई खाली बसत म्हणाली. “ज्याले ऐकाचं हाय त्यानं जवळ सरका.”

आणि लोक सरकले. सतरंजी गोळा झाली, गुडघ्याला गुडघा लागला, मागचे उभे राहिले, जिलेबीवाल्यानं झारा कढईच्या काठावर ठेवला. माईकशिवाय एवढ्या लोकांपर्यंत सूर पोचवायचा म्हणजे भाता जोरात मारायला हवा. इंदुताईनं जोर लावला. पहिल्या चार ओळी निभल्या. पाचवीला उजव्या गुडघ्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. सूर खचला. तिनं दात आवळून पुन्हा पाय दाबला, सूर उठला आणि पुन्हा बसला. गुणवंतराव अजून तिथंच उभा होता. याच्यासमोर नाही, तिच्या मनात आलं. मरेन, पण याच्यासमोर थांबणार नाही.

एकदम भाता भरला. तिचे पाय हलले नव्हते.

तिनं खाली पाहिलं. अमर पायपेटीखाली मांडी घालून बसला होता आणि दोन्ही हातांनी पेडल दाबत होता. पाच-सहा वर्षांचा असताना असाच बसायचा, तालमीत मायचे पाय थकले की. तेव्हा तो अख्खा मावायचा खाली. आता मान वाकडी करून, डोकं लाकडाला घासत बसला होता. वर पाहायची त्याची हिंमत नव्हती. मशीन सोडून आला म्हणजे नोकरीही सोडून आलाच होता.

 इंदुताईचे हात चालू होते, पण पोरगं घाईघाईनं दाबत होतं, सूर थरथरत होता. दसऱ्यापासून ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली.

“दमानं मार बे. कुठी पळून जाऊन राह्यला?”

“हव, आई,” खालून आवाज आला.

मग तिनं ती धून अशी वाजवली, जशी तिनं याआधी कधी वाजवली नव्हती आणि पुढंही तशीच वाजेल याची खात्री नाही. समोरच्या लेकी संध्याकाळी माहेर सोडून जाणार होत्या. त्यांच्याकडे पाहतच ती वाजवत गेली, आणि एकीचाही पदर कोरडा राहिला नाही. सूर मिटला तेव्हा टाळ्या यायला वेळ लागला. आल्या तेव्हा थांबायला त्याहून जास्त लागला.

रात्री गुणवंतरावाचं नाटक झालं. बहीण भावाच्या गळ्यात पडून निघाली, डब्यातली धून सुरू झाली, सूर चढला, थांबला, आणि तंबूतली माणसं एका दमात ओरडली, आक्छी! वर वन्स मोअर मागितला तो वेगळाच. मुंबईची नटी रडायचं सोडून विंगेत पळाली म्हणतात.

सकाळी गुणवंतराव इंदुताईच्या दारात. डोळे तारवटलेले, आवाज मात्र लोण्याचा.

“इंदुताई, परत या. पोस्टरवर नाव टाकतो, मोठ्ठ्या अक्षरात. फोटोही टाकतो.”

“तारखा नाईत, मालक,” इंदुताई म्हणाली. “चारी गावाचे फोन आले रातीच.” तिनं एक पत्रक त्याच्या हातात ठेवलं. “शेवटचा तुमच्याच दारात हाय. कान घेऊन या.”

पायपेटी टेम्पोत चढत होती. एका बाजूला पत्रू, दुसऱ्या बाजूला अमर. गुणवंतराव तिकडे वळला. “अमर, तू त शहाना पोट्टा हायेस. एक नवी रेकॉर्डिंग करून दे, बिना शिंकेची. तुह्यी नोकरी जशीच्या तशी.”

अमरनं पायपेटी आत ढकलली आणि हात झटकले.

“नाई जमत जी मालक. आता माहे दोन्ही हात भात्यावर असते.”

इंदुताईनं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. पदर खोचून ती टेम्पोत चढून बसली.

“रस्सी घट्ट बांध रे,” ती म्हणाली. “सावलीचा रस्ता खराब हाय.”