बाईंची जागा

शेवंताबाई आलाप सुरू करतात तेव्हा सभागृह लांबतं आणि जमिनीतून गवत वर येतं. आता यात नवल वाटण्यासारखं काही राहिलेलं नाही. सोलापूरकडच्या माळावर त्या लहानाच्या मोठ्या झाल्या, तिथल्या वाऱ्यावरून त्यांनी हा राग बांधला, आणि गाताना त्या उठून त्या गवतात चालत जातात. आवाज तेवढा येत राहतो. मग बंदिशीचा मुखडा धरून परततात, समेला नेमक्या आपल्या जागी बसतात, तबला सुरू होतो आणि सभागृह पूर्वीएवढं होतं. मी मागे तानपुऱ्यावर असते.

"तानपुरा बंद पडू द्यायचा नाही," बाईंनी मला बजावलं होतं. "त्याच्यावरनं मला वाट सापडते. आणि मुखडा मीच धरणार. दुसऱ्या कुणी सम गाठली तर माळ मिटेल, आणि मी असेन तिथंच राहीन."

त्या दुपारी बाई फारच लांब गेल्या. लुगड्याचा लाल काठ दिसेनासा झाला, मग आवाजही येईना. तबल्यावर सिद्रामअण्णा हात उगारून बसले होते.

"कुठं राहिली गं ही बया?"

"येतील."

"हात भरून आला माझा."

"मग मी काय करू, धरून बसू का तुमचा हात?"

माझाच जीव थाऱ्यावर नव्हता. तानपुऱ्याच्या भोपळ्यातून गवत उगवत होतं आणि तारांना घासत होतं. एक तार तुटली. थोड्या वेळानं आणखी दोन गेल्या. उरला एकटा खरज. मी तोच छेडत राहिले.

कारखानीस, कार्यक्रमाचे आयोजक, पहिल्या रांगेतून निघाले होते ते आत्ता कुठे पोचले. धोतराला कुसळं चिकटलेली.

"मागच्या रांगा दिसत नाहीत आता," ते म्हणाले. "माझी आई शेवटच्या रांगेत आहे. तुम्ही मुखडा धरा."

"नाही धरणार."

"येत नाही का तुम्हाला?"

"न यायला काय झालं? पण बाई बाहेर आहेत."

"आईही बाहेरच आहे हो," ते म्हणाले आणि तिथंच गवतात खाली बसले.

तेवढ्यात खरज तुटला.

इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मला भीती वाटली, सरळ सांगते. मी तोंडानं षड्ज लावला, पण माणसाला श्वास घ्यावा लागतो, आणि दर श्वासाला सभागृह आणखी लांबत होतं. गवत कारखानीसांच्या खांद्यापर्यंत आलं. ते नुसते मागे बघत होते. मी मुखडा धरला.

आणि गवतातून बाईंचा आवाज आला. तोच मुखडा. दूर कुठला, चार पावलांवरून. मला थांबायचं होतं, पण इतकी वर्षं त्यांनीच शिकवलं होतं की धरलेला मुखडा मध्ये सोडायचा नाही. सिद्रामअण्णांचा हात खाली आला. माझी सम आधी पडली.

टाळ्या झाल्या. सभागृह पूर्वीएवढं झालं होतं. शेवटच्या रांगेत कारखानीसांची आई पदर सारखा करत होती. गवत कुठंच नव्हतं, फक्त माझ्यापुढे बाईंच्या जागी होतं. कुणीतरी मांडी घालून बसावं तसं ते दबलेलं होतं, आणि एकेक काडी सरळ होत होती.

"पुढे सरका," कारखानीस म्हणाले. "तिथं बसा ना."

मी दोन्ही तळहात त्या गवतावर दाबून धरले. ते अजून गरम होतं, आणि बोटांमधून वर येत होतं.